ढोंग म्हणा, पण जागा दाखवा

"हे सगळं ढोंग आहे, उगीच मोठेपणाचा आव आणलाय." मैफिलीच्या मध्यंतरात, चित्रप्रदर्शनाच्या दाराशी, दिवाळी अंकातली कविता वाचताना हे वाक्य हमखास ऐकू येतं. दुसऱ्या बाजूचं उत्तरही तयार असतं: "तुम्हाला त्यातलं कळत नाही." या दोन वाक्यांत विषय तिथल्या तिथे मिटतो. एकाने कलावंताच्या हेतूवर संशय घेतलेला असतो, दुसऱ्याने ऐकणाऱ्याच्या बुद्धीवर. गाण्याबद्दल, चित्राबद्दल किंवा कवितेबद्दल मात्र कुणी अवाक्षरही काढलेलं नसतं.

तरीही हा आरोप चर्चेतून हद्दपार करावा असं मला वाटत नाही. कलेच्या क्षेत्रात खोटे दावे होतात, पोकळ गोष्टींना भारदस्त कपडे चढवले जातात आणि त्यावर बोट ठेवणारं कुणीतरी लागतंच. त्यामुळे ढोंगाचा आरोप न्याय्य ठरू शकतो. त्यासाठी दावा कोणता होता, तो कुणी केला आणि कुठे मोडला, ही जागा आरोप करणाऱ्याने दाखवायला हवी. कलाकृती संथ आहे, अवघड आहे, महाग आहे किंवा तिच्याभोवती जमणारी माणसं आपल्याला आवडत नाहीत, हा पुरावा होत नाही.

पुराव्याचा आग्रह धरायला कारण आहे. गायक बेसूर झाला असं म्हणताना आपण त्याच्या गळ्याबद्दल बोलतो आणि ते कुणालाही तंबोऱ्याशी ताडून पाहता येतं. तो ढोंगी आहे असं म्हणताना आपण त्याच्या मनाबद्दल बोलतो. तिथे कुणालाच डोकावता येत नाही. मग उघड्यावर उरतात दोनच गोष्टी: काय देणार म्हणून सांगितलं आणि प्रत्यक्षात काय दिलं. या दोहोंतलं अंतर मोजता येतं. बाकी सगळी अटकळ.

आपल्याकडे हा आरोप सर्वांत जास्त होतो तो विलंबित ख्यालावर, म्हणजे रागदारीतल्या संथ लयीच्या गाण्यावर. "पाऊण तास नुसतं आ-आ चाललं होतं" ही त्याची ठरलेली भाषा. या गाण्यात नेहमी वापरल्या जाणाऱ्या विलंबित एकतालाच्या बारा मात्रा, म्हणजे तालाचे बारा ठोके, असतात. आज प्रचारात असलेल्या अतिविलंबित लयीत एक मात्रा चार-पाच सेकंदांची होते, म्हणजे एक आवर्तन, तालाचा एक पूर्ण फेरा, पाऊण ते एक मिनिटाचं. अर्ध्या तासात अशी तीस ते चाळीस आवर्तनं होतात. ज्याला आवर्तन कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं याचा पत्ता लागत नाही, त्याला तो अर्धा तास सपाट वाटणारच. पण हा पत्ता लावणं ही काही घराण्याची गुप्त विद्या नाही. ठेका, म्हणजे तबल्याचे ठरलेले बोल, ऐकायचा: धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, क त्ता, धागे तिरकिट, धी ना. 'तिरकिट' हा बोल दोनदा येतो, चौथ्या मात्रेवर आणि दहाव्या. पहिल्या तिरकिटानंतर 'तू' येतो, त्यात डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याचा, घुमारा नसतो. दुसऱ्या तिरकिटानंतर 'धी' येतो आणि डग्गा बोलतो. हा दुसरा तिरकिट ओळखता आला की तिथून तिसऱ्या मात्रेला सम, म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा. गायक मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) उचलतो तोही बहुतेक वेळा याच टापूत. दोन-तीन मैफिली नेटाने ऐकल्या तर एरवी 'आ-आ' वाटणाऱ्या गाण्याला घरं पडलेली दिसू लागतात.

सम सापडल्यावर प्रत्येक आवर्तनात नवं काय आलं ते ऐकायचं. समजा यमन राग आहे. सुरुवातीची आवर्तनं मंद्र (खालच्या सप्तकातला) निषाद आणि षड्ज यांच्या आसपास जातील, मग रिषभ, मग गंधार. गंधार वादी, म्हणजे रागातला मुख्य स्वर, तेव्हा तिथे मुक्काम लांबणार. पुढे तीव्र मध्यम, पंचम, धैवत, निषाद, आणि बऱ्याच उशिरा तार (वरच्या सप्तकातला) षड्ज. प्रत्येक आवर्तन कोणत्या स्वरावर विसावलं हे कागदावर नुसतं टिपत गेलं तरी अर्ध्या तासाचा नकाशा हाती येतो. आता समजा, ओळीने सहा आवर्तनं गंधारावरच विसावली. याचे अर्थ दोन होऊ शकतात. गायक दर वेळी गंधाराकडे वेगळ्या वाटेने येत असेल: एकदा मंद्र निषाद-रिषभावरून चढत, एकदा तीव्र मध्यमावरून उतरत, एकदा पंचमावरून मध्यमाला ओझरता स्पर्श करत, एकदा रिषभावर मुद्दाम रेंगाळून गंधाराची वाट पाहायला लावत. ही बढत झाली. किंवा तोच वाक्यांश थोडा लांबवून, थोडा आखडून, पुन्हापुन्हा येत असेल. ही भरती झाली. बाहेरून दोन्ही सारखीच संथ, सारखीच गंभीर दिसतात. 'मी राग उलगडतोय' हा दावा एका ठिकाणी खरा असतो आणि दुसऱ्या ठिकाणी नसतो, आणि हा फरक कान देणाऱ्या कुणालाही दाखवून देता येतो.

भरतीच्या आणखी खुणा आहेत. आवर्तनाचा मधला भाग रिकामाच राहतो आणि गायक फक्त मुखड्यापुरता जागा होतो. आलापीतलं म्हणणं संपलं की पंचमापर्यंतही न पोहोचता सरगम सुरू होते आणि सरगमीतले स्वरसमूह आधीच्या आलापातलेच असतात, फक्त त्यांची नावं उच्चारली जातात. तिहाया, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर येणं, वाढतात. तबलजीला खुणावून मध्येच दोन आवर्तनं भरून घेतली जातात. डोळे मिटणं, हात हवेत तोलणं, चेहऱ्यावर समाधीचा भाव आणणं यांना मात्र मी खुणांमध्ये धरणार नाही. हातवारे करत अस्सल गाणारे पुष्कळ झाले आणि पुतळ्यासारखं बसून पोकळ गाणारेही.

इंदूरच्या ख्यालगायक अमीर खाँसाहेबांचं (१९१२–१९७४) उदाहरण इथे उपयोगी आहे. चौदा मात्रांच्या झुमरा तालात, अत्यंत सावकाश लयीत ते गात आणि मेरुखंडाची पद्धत वापरत. मेरुखंड म्हणजे स्वरांच्या क्रमांची उलथापालथ: चार स्वरांचे २४ क्रम होतात, पाचांचे १२०, सातांचे ५,०४०. कागदावर हे निव्वळ गणित आहे आणि कुणी ते तसंच मंचावर म्हणून दाखवलं तर विद्वत्तेचं प्रदर्शन मांडल्याचा आरोप योग्यच ठरेल. पण राग त्या ५,०४० क्रमांतले बहुतेक क्रम चालवून घेत नाही. कुठला स्वर वक्र (सरळ क्रमाने न येणारा), कुठला आरोहात (स्वर चढताना) वर्ज्य, कुठे थांबायचं आणि कुठे नाही, ही बंधनं लागली की थोडेच क्रम शिल्लक राहतात. खाँसाहेबांच्या गाण्यात ही निवड ऐकू येते: क्रम बदलतो, पण रागाची ठेवण मोडत नाही आणि विसावा योग्य स्वरावरच येतो. पद्धत तीच, एकीकडे पाठांतर आणि दुसरीकडे विचार. ढोंगाचा आरोप पद्धतीवर करून भागत नाही तो यासाठी.

विशी-पंचविशीतला गायक किंवा गायिका अतिविलंबित घेऊन बसते तेव्हा काय होतं तेही नीट पाहायला हवं. दम पुरत नाही, लांब स्वराचा शेवट किंचित उतरतो. सम दूर आहे की जवळ याचा अंदाज चुकतो आणि मुखडा घाईघाईने कोंबावा लागतो. विसाव्या मिनिटाला म्हणणं संपतं आणि तानांचा आसरा घ्यावा लागतो. लोक याला पटकन ढोंग म्हणतात. हे ढोंग नाही, ही न झेपलेली उडी आहे. उडी झेपली नाही तर तसं स्पष्ट लिहावं, कुठे झेपली नाही तेही लिहावं. पण आपल्या कुवतीबाहेरचं काही करून पाहिल्याशिवाय गळा आणि बुद्धी दोन्ही वाढत नाहीत. गुरूची लकब, आवाज लावण्याची पद्धत, प्रसंगी खाकरणंसुद्धा उचलून शिष्य सुरुवात करतो. आपलं नसलेलं काही वर्षं अंगावर वागवल्यावरच त्यातलं आपलं कोणतं ते कळतं. अशा प्रत्येकाला ढोंगी म्हणून बसवून ठेवलं तर मंचावर फक्त सुरक्षित गाणारे राहतील.

खरं ढोंग बरेचदा गाण्यात नसतं, गाण्याभोवतीच्या बोलण्यात असतं. सध्या '४३२ हर्ट्झवर लावलेलं' भारतीय संगीत म्हणून ध्वनिफिती विकल्या जातात. ही विश्वाची नैसर्गिक कंपनसंख्या आहे, आपल्या पूर्वजांना ती ठाऊक होती, असं सांगितलं जातं. हा दावा तपासायला पाच मिनिटं पुरतात. ४४० आणि ४३२ हे आकडे पाश्चात्त्य वाद्यमेळाच्या स्वरजुळणीचे. पेटीवरची पांढरी सहा (सहावी पांढरी पट्टी) कुठे लावायची, एवढाच तो प्रश्न. दोहोंतलं अंतर एका अर्धस्वराच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. आपल्याकडे मुळात षड्ज ठरलेला नसतो. पुरुष गायक साधारण पांढरी एक ते काळी दोन या टापूत कुठेही तंबोरा लावतात, गायिका पांढरी पाच ते काळी पाचच्या आसपास. त्याच गायकाचा घसा बसला असेल तर त्या दिवशी पट्टी अर्ध्या स्वराने उतरते. साथीला पेटी असली तर तंबोरे पेटीला मिळवावे लागतात आणि पेटी ज्या कारागिराने लावली त्याने जो आधारस्वर धरला तो चालतो. जिथे षड्जच माणसागणिक बदलतो, तिथे 'प्राचीन भारतीय ४३२' या शब्दांना काही अर्थच राहत नाही. इथे ढोंग म्हणायला मला जराही संकोच वाटत नाही. अमुक राग ऐकला की तमुक आजार बरा होतो, असं तिकिटावर छापणाऱ्यांनाही तोच न्याय लागू आहे.

'नवा राग' ही घोषणाही अशीच तपासण्याजोगी. प्रचलित रागातून एक स्वर गाळला किंवा शुद्धाचा कोमल केला आणि एखादं संस्कृत नाव दिलं की काम झालं, असा समज आहे. तेवढ्याने स्वरसप्तक बदलतं, राग होत नाही. भूप आणि देशकार या रागांचा पुरावा समोरच आहे. दोघांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूपात गंधार वादी, चलन (स्वरांची चाल) पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, वेळ रात्रीची. देशकारात धैवत वादी, वजन उत्तरांगात, म्हणजे वरच्या अर्ध्यात, वेळ सकाळची. देशकार गाताना गंधारावर जरा जास्त रेंगाळलं की लगेच भूप डोकावतो आणि जाणता श्रोता चुळबुळ करतो. सारख्याच स्वरांतून दोन राग उभे राहू शकतात, याचा अर्थ राग असतो तो चलनात, विसाव्यांत, स्वरांच्या परस्पर वजनात. नवा राग सांगणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. शेजारच्या कोणत्याही रागात सापडणार नाही असा याचा एखादा वाक्यांश आहे का? मूळ रागात न घसरता हा वीस मिनिटं गाता येतो का? द्रुत तानांतही तो टिकतो का? तिसऱ्या प्रश्नाशी बहुतेक नवे राग कोसळतात. ताना घोकलेल्या असतात त्या मूळ रागाच्या, आणि लय वाढली की गळा सवयीच्या वाटेने धावतो.

जगन्नाथबुवा पुरोहितांचा, म्हणजे गुणिदासांचा, जोगकंस राग या परीक्षेत उतरला. जोग रागातले दोन गंधार, चंद्रकंस रागातले कोमल धैवत आणि शुद्ध निषाद, आणि दोन्हीकडे महत्त्वाचा असलेला मध्यम. त्यामुळे सांधा उघडा पडत नाही. पहिली दहा मिनिटं एक राग आणि पुढची दहा दुसरा, ही जोडरागांची नेहमीची फजिती इथे होत नाही. म्हणूनच बुवांचे शिष्य नसलेलेही तो गातात.

कुमार गंधर्वांवर (१९२४–१९९२) तर हा आरोप आयुष्यभर होत राहिला: घराणं मोडलं, चमत्कृती केली, तुटक गातात, लोकगीतांना राग म्हणतात. हे आरोप करणाऱ्यांत दर्दी लोकही होते, त्यामुळे ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पण कुमारांनी आपला दावा तपासायला खुला ठेवला होता. क्षयाच्या आजारपणात देवासला राहून त्यांनी माळव्याची लोकगीतं ऐकली, टिपली. त्या धुनांमधून जे राग त्यांना दिसले त्यांना त्यांनी धुनउगम राग म्हटलं आणि १९६५ मध्ये 'अनूपरागविलास' काढून बंदिशी स्वरलिपीसकट छापल्या. लगनगंधार, मालवती, सहेली तोडी हे राग कुणीही उघडून पाहावेत, गाऊन पाहावेत, मोडतात का बघावं. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीला त्यांनी गांधीमल्हार बांधला. नाव ऐकून कुणालाही वाटेल की हा प्रसंगापुरता देखावा असणार. तसं वाटणं गैर नाही. पण पुढे तो मल्हार ऐकावा लागतो, आणि मल्हाराच्या अंगात त्यांनी गंधार कसा वागवला याबद्दल बोलावं लागतं. एवढे कष्ट न घेता फक्त नावावरून दिलेला निकाल ही टीका नव्हे.

कवितेत हीच गोष्ट बा. सी. मर्ढेकरांच्या बाबतीत घडली. १९४७ च्या 'काही कविता' या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून ते निर्दोष सुटले. पण दुर्बोधतेचा आणि इंग्रजी कवींच्या नकलेचा ठपका कित्येक वर्षं चिकटून राहिला. थोडक्यात, हा माणूस आधुनिकतेचा आव आणतोय. ज्या कवितेची सर्वाधिक टिंगल झाली तिच्याच पहिल्या दोन ओळी घेऊ: 'पिपांत मेले ओल्या उंदिर, / माना पडल्या, मुरगळल्याविण'. मात्रा मोजा (ऱ्हस्व अक्षराला एक, दीर्घ किंवा अनुस्वाराच्या अक्षराला दोन). पिपांत चार, मेले चार, ओल्या चार, उंदिर चार: सोळा. माना चार, पडल्या चार, मुरगळल्याविण आठ: पुन्हा सोळा. हे पादाकुलक नावाचं मात्रावृत्त. शाळेतल्या कवितांमुळे आपल्या कानात मुरलेली ही अगदी ओळखीची चाल आहे. विस्कळीत, मनाला येईल तसं लिहिलेलं म्हणून जिची चेष्टा झाली ती कविता चार-चार मात्रांच्या गजात बसवलेली निघते. मग प्रश्न बदलतो. इतक्या सवयीच्या, जवळजवळ बडबडगीताच्या चालीत इतका ओंगळ मजकूर का बसवला असेल? दुसऱ्या ओळीतला 'विण' काय करतो? माना पडल्या आहेत, पण कुणी मुरगळलेल्या नाहीत. मरण आहे आणि मारणारा दिसत नाही. हे वाचन कुणाला पटेल, कुणाला नाही. प्रतिमा पुढे टिकत नाही, कवी शब्दांच्या खेळात वाहवतो, असंही एखादा दाखवून देईल, आणि ती रास्त टीका होईल, कारण ओळीवर बोट ठेवलेलं असेल.

नकलेच्या आरोपाचंही तसंच. मर्ढेकर इंग्लंडमध्ये राहिले होते, इंग्रजी कविता त्यांनी पचवली होती, यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण त्यांनी अभंगाचा आणि ओवीचा घाट घेतला, संतांच्या बोलीची वळणं घेतली. नक्कल म्हणणाऱ्याला या अर्ध्या भागाचा हिशेब द्यावा लागेल. शिवाय त्यांनी स्वतःची मोजपट्टीही टेबलावर ठेवली. 'सौंदर्य आणि साहित्य' या १९५५ च्या पुस्तकात संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वं त्यांनी मांडली. याच पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कवीने आपली कसोटी लिहून दिली असेल तर ती त्याच्याच कवितेला लावून पाहणं यासारखा उत्तम मार्ग नाही. कविता त्या कसोटीत नापास झाली तर दाव्यातलं आणि कृतीतलं अंतर तिथेच सिद्ध होतं.

मराठीत ढोंगाचा आरोप सर्वांत चोख कुणी केला असेल तर तो आचार्य अत्र्यांनी, 'केशवकुमार' या नावाने, १९२५ च्या 'झेंडूची फुले'मध्ये. १९२३ साली पुण्यात सुरू झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींची आणि एकूणच त्या काळातल्या कवितेच्या लकबींची त्यांनी विडंबनं केली. विडंबनाची अट कडक असते. ज्याची थट्टा करायची त्याचं वृत्त अचूक वापरावं लागतं, शब्दकळा उचलावी लागते, यमकाची ठेवण ओळखावी लागते. म्हणजे आधी मन लावून वाचावं लागतं. अत्र्यांनी दाखवलं की उदात्त प्रेमाची ती भाषा एखाद्या क्षुल्लक विषयावरही तितकीच सुरळीत चालते. भाषा विषयाशी बांधलेली नव्हती, सवयीने फिरत होती. हा पुरावा आहे. 'कवी भंपक आहेत' या वाक्यापेक्षा शंभर पटीने टोकदार, आणि वाचकाला स्वतः तपासता येणारा.

पण विडंबनाचीही मर्यादा आहे. ते लकब पकडतं, आशय पुसून टाकू शकत नाही. त्याच मंडळातल्या माधव जूलियनांनी मराठीत गज्जल आणली, छंदःशास्त्रावर 'छंदोरचना' लिहिली, आणि मराठी गझल लिहिणाऱ्याला आजही त्यांचं ऋण टाळता येत नाही. फारसी शब्दांच्या सोसाबद्दल त्यांची थट्टा झाली ती योग्य होती आणि त्यांचं काम खरं होतं. दोन्ही एकाच वेळी.

१९४३-४४ साली ऑस्ट्रेलियात याहून कठोर प्रयोग झाला. जेम्स मकॉली आणि हॅरोल्ड स्टुअर्ट या दोन कवींनी नवकवितेचं पितळ उघडं पाडण्यासाठी 'अर्न मॅली' नावाचा कवी बनवला, हाताशी असलेल्या पुस्तकांतली वाक्यं जोडून एका दिवसात कवितांचा गठ्ठा तयार केला आणि 'अँग्री पेंग्विन्स' या नियतकालिकाकडे पाठवला. संपादक मॅक्स हॅरिस भुलला, विशेष अंक काढला, मग बिंग फुटलं. त्याच कवितांसाठी ॲडलेडच्या न्यायालयाने हॅरिसला अश्लीलतेबद्दल पाच पौंड दंडही केला. फसवणुकीतून काय सिद्ध झालं? त्या संपादकाची पारख त्या वेळी चुकली, एवढं नक्की. नवकविता मुळातच ढोंग आहे, हे मात्र सिद्ध झालं नाही. अर्न मॅलीच्या कविता पुढेही छापल्या गेल्या, वाचल्या गेल्या, काहींना आवडल्या. अमूर्त चित्रांपुढे ऐकू येणारा 'माझा लहान मुलगाही असं काढेल' हा युक्तिवादही इथेच अडकतो. मुलाने काढलेलं चित्र आणि भिंतीवरचं चित्र शेजारी ठेवून पाहण्याची तयारी हवी. ती असेल तर युक्तिवादाची गरजच उरत नाही.

चित्रकलेत किमतीमुळे गोंधळ वाढतो. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचं एक चित्र २०२१ मध्ये जवळपास ४० कोटी रुपयांना विकलं गेलं, तेव्हा "नुसता निळा रंग फासलाय आणि चाळीस कोटी" अशी चर्चा झाली. किंमत हा चित्रकाराचा दावा नसतो, बाजाराचा असतो. चित्रकार तर त्या विक्रीच्या वीस वर्षं आधीच गेलेला. हयातीत गायतोंड्यांनी दावे जवळजवळ केलेच नाहीत. बहुतेक चित्रांना शीर्षक दिलं नाही, वर्षाला पाच-सहाच चित्रं केली, फारसं बोललेही नाहीत. त्यामुळे त्यांना ढोंगी म्हणणाऱ्याच्या हाती कॅनव्हासशिवाय काही लागत नाही, आणि कॅनव्हास जवळून पाहिला तर तिथे काम दिसतं. रोलर आणि पॅलेट नाइफने चढवलेले पातळ थर, कागदाचे तुकडे लावून उचललेला रंग, खालच्या थरातून वर झिरपणारा उजेड. बाजूने, तिरक्या प्रकाशात उभं राहून पाहिलं की थर वेगळे होतात. त्यांच्या धाटणीची चित्रं काढणाऱ्यांची चूकही तिथेच कळते. खालचा थर वाळायच्या आत वरचा चढवला की रंग मळतो, आणि रोलर सगळीकडे एकाच दाबाने फिरवला की नुसता पोत मिळतो, खोली मिळत नाही.

याउलट चित्राशेजारी लावलेलं निवेदन हा उघड दावा असतो, आणि त्याची परीक्षा निर्दयपणे घ्यावी. निवेदनातली विशेषणं पेन्सिलीने खोडावीत. 'अवकाश', 'स्मृती', 'अस्तित्व', 'द्वंद्व' असले शब्द बाजूला काढावेत. जे उरेल ते शेजारच्या चित्राखाली लावून पाहावं. तिथेही ते तितकंच शोभलं तर त्या निवेदनाचा या चित्राशी काही संबंध नाही. मग विचारावं: हाच रंग, हाच आकार, हीच कड का, यातल्या एका तरी निर्णयाबद्दल या परिच्छेदात काही सांगितलंय का? नसेल तर पोकळ म्हणावं. मात्र निवेदन पोकळ म्हणून चित्रही पोकळ, असं धरू नये. अर्जासोबत निवेदन जोडावंच लागतं म्हणून उत्तम हात असलेली मुलं बोजड भाषा उसनी आणतात. तो दोष त्या व्यवस्थेचा अधिक आहे.

आणि हा आरोप कुणाच्या वाट्याला येतो, हेही पाहायला हवं. प्राध्यापकाच्या घरातला मुलगा अमूर्त चित्रं काढू लागला की तो प्रयोगशील. तालुक्याच्या गावातून मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात आलेल्या मुलीने तेच केलं की "हिला कसली अमूर्तता सुचतेय, शहरातली हवा लागली". कलाकृती तीच, निकाल वेगळा. त्यात माणसाला जागेवर ठेवण्याची इच्छा असते आणि ती फार दुखावणारी आहे. श्रोत्यांवर होणारा आरोपही याच जातीचा. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला लोक शाली मिरवायला आणि खायला जातात, असं दरवर्षी बोललं जातं. जाऊ देत. प्रतिष्ठेसाठी येऊन बसलेला माणूसही काही वर्षांनी दुसरा तिरकिट ओळखू लागतो. येऊन बसलाच नाही तर कधीच ओळखणार नाही.

मागणी करायची तर ती आयोजकांकडे आणि समीक्षकांकडे करावी. दहा मिनिटांचं विशेषणांनी लादलेलं सूत्रसंचालन बंद करून राग, ताल, बंदिशीचे शब्द आणि रचनाकाराचं नाव एवढं छापील कागदावर द्यावं. नवा राग असेल तर आरोह-अवरोह आणि मुख्य अंगही. आता बहुतेक मैफिलींचं ध्वनिमुद्रण होतं, तेव्हा परीक्षण लिहिणाऱ्याला जागा दाखवणं अवघड राहिलेलं नाही. 'गायन दिखाऊ वाटले' असं लिहिण्याऐवजी 'अठराव्या मिनिटापासून पंचविसाव्यापर्यंत गंधाराकडे एकाच वाटेने येणं झालं, आणि त्यानंतरची सरगम त्याच स्वरसमूहांची होती' असं लिहिलं तर गायिकेला त्याचं उत्तर देता येतं, आणि ज्याला पटणार नाही त्याला अठरावं मिनिट लावून स्वतः ऐकता येतं.